टेस्टर आणि डेव्हलपर यांचं वाचन : ढोकीहून पुण्याला जाणाऱ्यांसाठी एक आढावा

ढोकी, तेर, मुरूड, कळंब या पट्ट्यातली मुलं-मुली डिप्लोमा, बीसीए किंवा इंजिनिअरिंग संपवून पुण्याला जातात. चौघांत एक खोली घेतात, मेस लावतात आणि कुठल्यातरी क्लासमध्ये ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग’ नाहीतर ‘फुल स्टॅक’ शिकायला बसतात. क्लासमध्ये हाती पडतात त्या झेरॉक्स नोट्स, पाचशे मुलाखत-प्रश्नांची पीडीएफ आणि सेलेनियम या टेस्टिंग टूलच्या आज्ञांची यादी. बहुतेकांचं व्यावसायिक वाचन इथंच सुरू होतं आणि पुष्कळांचं इथंच थांबतं. नोकरी लागते, पगार सुरू होतो, मग पुढं काय वाचायचं हे सांगणारं जवळपास कुणी नसतं. कंपनीतला सीनियर एखाद्या टूलचं नाव सांगतो. पुस्तकाचं नाव सांगणारा विरळा.

म्हणून हा आढावा. टेस्टरनं काय वाचावं आणि डेव्हलपरनं काय वाचावं, असे दोन वेगळे प्रश्न लोक विचारतात. माझ्या मते प्रश्न एकच आहे. आपल्याकडं या दोन जातींची पुस्तकं वेगळ्या फळीवर ठेवायची सवय लागली आहे आणि दोघांचंही नुकसान त्या सवयीनं केलं आहे.

आधी नोट्सबद्दल, कारण त्यांना सरसकट नावं ठेवणं बरोबर नाही. पहिल्या मुलाखतीत ‘सिव्हिअरिटी आणि प्रायॉरिटीत फरक काय’ हे विचारलं जातंच आणि उत्तर आलं नाही तर मुलगा घरी परततो. पोटापाण्याचा प्रश्न आहे. ‘आयएसटीक्यूबी’ या संस्थेच्या टेस्टिंगच्या पायाभूत परीक्षेचंही तसंच. 40 प्रश्न, 60 मिनिटं, 26 बरोबर आले की पास. तिचा अभ्यासक्रम संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि त्यातली परिभाषा पाठ असली की ऑफिसातल्या बैठकीत बोलणं समजतं. पण परिभाषा आली म्हणजे काम आलं असं नव्हे. टूलचं तर आयुष्यच थोडं. सेलेनियम 2004 साली शिकागोत जन्मलं, त्याआधी दुसरी टूल्स होती, आता प्लेराइटचा बोलबाला आहे आणि टेस्ट केसेस लिहून द्यायला चॅटबॉट बसले आहेत. ज्याचं सगळं वाचन टूलपुरतं आहे त्याला दर चार-पाच वर्षांनी पुन्हा पहिलीत बसावं लागतं.

टिकणारी पुस्तकं कोणती, याची सुरुवात ग्लेनफर्ड मायर्सच्या ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’पासून करावी लागते. 1979 सालचं हे लहानसं पुस्तक. त्याच्या अगदी सुरुवातीला मायर्स एक कोडं घालतो. एक प्रोग्राम तीन पूर्णांक घेतो, त्या तिघांना त्रिकोणाच्या बाजू मानतो आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगतो. तो तपासायला कोणकोणती उदाहरणं द्याल? वाचकानं आपली यादी करायची आणि मग मायर्सच्या 14 प्रश्नांशी ताडून पाहायची. अनुभवी प्रोग्रामर मंडळींनाही 14 पैकी सरासरी 7.8 गुण मिळतात, असं तो लिहितो. पुस्तकाचं सार त्याच्या व्याख्येत आहे : प्रोग्राम चालतो हे दाखवण्यासाठी नव्हे, तर तो कुठं चुकतो हे शोधण्यासाठी तपासणी करायची. आज हे सर्वमान्य वाटतं. तरी ‘हॅपी पाथ’ चालला की हिरवा शेरा मारणारे टेस्टर आजही मोजावे तितके थोडे.

मायर्सचा त्रिकोण आपल्या भागात आणला तर काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. ढोकी म्हणजे तेरणा सहकारी साखर कारखान्याचं गाव. इथल्या कुठल्याही ऊसकरी घराला काटापावती माहीत असते. गाडी भरलेली काट्यावर येते, वजन होतं, ऊस खाली केला की रिकामी परत काट्यावर येते, वजाबाकी होते आणि निव्वळ वजनाची पावती निघते. संगणकाच्या दृष्टीनं हा दोन संख्यांचा साधा खेळ. आता यादी करायला बसा. रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त आलं तर? दोन्ही सारखी आली तर? ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि एकच खाली होऊन गाडी परत काट्यावर आली तर? रात्री पावणेबाराला भरलेलं वजन झालं आणि साडेबाराला रिकामं, तर पावती कोणत्या तारखेची आणि कोणत्या पाळीची? 31 डिसेंबरच्या रात्री हेच झालं तर? पहिली पावती अपुरी असताना त्याच नंबरची गाडी दुसऱ्या सभासदाच्या नावावर आत आली तर? दोन वजनांच्या मध्ये वीज गेली तर? काट्यावर उभ्या राहिलेल्या कुणालाही यातले निम्मे प्रश्न आपसूक सुचतील. अभ्यासक्रमातला ‘लॉगिन पेजच्या टेस्ट केसेस लिहा’ हा प्रश्न सोडवणाऱ्या त्याच घरातल्या मुलाला मात्र आपल्याला हे येतं, याचा पत्ता नसतो.

इथंच वाचनाचा एक दुर्लक्षित भाग येतो. टेस्टिंगची पुस्तकं सांगतात की ज्या धंद्याचं सॉफ्टवेअर तपासायचं त्या धंद्याचे नियम मुळातून वाचा. ऊसदराचंच घ्या. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्रानं एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली ती 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागं 340 रुपये. उतारा 0.1 टक्क्यानं वाढला की 3.32 रुपये जास्त, 0.1 टक्क्यानं घटला की 3.32 रुपये कमी आणि उतारा 9.5 टक्क्यांच्या खाली गेला तरी दर 315.10 रुपयांखाली नाही. चांगला टेस्टर हे वाचून लगेच 9.49, 9.50 आणि 9.51 या तीन आकड्यांवर बोट ठेवेल, पाठ्यपुस्तकात याला सीमामूल्य तपासणी म्हणतात. पण खरा प्रश्न पुढं आहे. 10.25 पासून 9.5 पर्यंत अंतर 0.75 चं, म्हणजे 0.1 चे साडेसात टप्पे. मग अर्धा टप्पा धरायचा की सोडायचा? गुणाकार करून पाहा : साडेसात गुणिले 3.32 म्हणजे 24.90, आणि 340 मधून ते वजा केले की बरोबर 315.10 उरतात. म्हणजे अर्धा टप्पा धरलेला आहे. ज्या डेव्हलपरनं ‘दर 0.1 टक्क्याला’ हे शब्द वाचून फक्त पूर्ण टप्पे मोजले, त्याचा हिशेब 9.5 टक्क्यांवर क्विंटलमागं 1.66 रुपयांनी चुकणार. ही चूक कुठलंही टूल शोधून देत नाही. आदेश वाचणारा आणि पेन घेऊन बसणारा माणूस शोधतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातली 14 दिवसांत पैसे देण्याची अटही अशीच वाचावी : ती शेतकऱ्याचा हक्क आहेच, शिवाय सॉफ्टवेअरच्या भाषेत ती एक तपासण्याजोगी गरज आहे.

मायर्सनंतर माझ्या मते टेस्टरनं घ्यावं असं पुस्तक म्हणजे सेम केनर, जेम्स बाक आणि ब्रेट पेटिकॉर्ड यांचं ‘लेसन्स लर्न्ड इन सॉफ्टवेअर टेस्टिंग’. यात 293 छोटे धडे आहेत, बरेचसे पान-दीड पानाचे. बसमध्ये दोन धडे वाचून होतात. लेखकांची पार्श्वभूमी मुद्दाम सांगतो. केनर मानसशास्त्रात डॉक्टरेट आणि शिवाय वकील. बाकनं तर शाळाच अर्धवट सोडलेली आणि विशीत तो ॲपलमध्ये टेस्टिंगचा मॅनेजर झाला. कॉम्प्युटरची पदवी नाही म्हणून टेस्टिंगला आलेल्या बीए-बीकॉमच्या मुलांना हे कळलं पाहिजे. बग रिपोर्ट म्हणजे डेव्हलपरला काम करायला पटवणारं लेखन आहे, हा त्यातला विचार मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्याला नीट चार वाक्यं लिहिता येत नाहीत त्याचा खरा बगसुद्धा ‘आमच्याकडं होत नाही’ म्हणून बंद केला जातो. केनरच्या ब्लॅक बॉक्स टेस्टिंगच्या अभ्यासक्रमाचे व्हिडिओ आणि टिपणंही इंटरनेटवर फुकट आहेत. इंग्रजी ऐकायची सवय नसेल तर सुरुवातीला जड जातं, पण थांबवून थांबवून ऐकता येतं.

एलिझाबेथ हेंड्रिक्सनचं ‘एक्सप्लोअर इट!’ 2013 चं, लहान आणि हातानं करून पाहायचं. लिसा क्रिस्पिन आणि जॅनेट ग्रेगरी यांचं ‘अजाइल टेस्टिंग’ जाडजूड, ते कंपनीत दोन-तीन वर्षं काढल्यावरच भिडतं. बोरिस बायझरचं ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग टेक्निक्स’ गणिती अंगाचं. त्यातली एक कल्पना मात्र आपल्या शेतकऱ्याला लगेच पटेल : तेच तेच कीटकनाशक फवारलं की किडी सरावतात, तशा त्याच त्या टेस्टना बगही सरावतात. भारतीय लेखकांत श्रीनिवासन देसिकन आणि गोपालस्वामी रमेश यांचं 2006 चं ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग : प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिसेस’ परीक्षेला आणि कामाला दोन्हीकडं उपयोगी. खरगपूर आयआयटीचे राजीब माल यांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं संथ आणि स्पष्ट आहेत.

आता डेव्हलपरची फळी. मराठी मुलांच्या किमान दोन पिढ्यांना सी भाषा शिकवली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’नं. त्यांचं ऋण मोठं आहे. सोपं इंग्रजी, भरपूर उदाहरणं. ज्याचं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं त्याला कर्निगन आणि रिची यांचं मूळ ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ दगडासारखं वाटतं, तिथं कानेटकरांनी पायरी घालून दिली. माझी तक्रार एवढीच की बहुतेक जण त्या पायरीवरच थांबतात. पुढचं पाऊल म्हणून मी कर्निगन आणि रॉब पाइक यांचं 1999 चं ‘द प्रॅक्टिस ऑफ प्रोग्रॅमिंग’ सुचवतो. तीनशेच्या आतली पानं. शैली, डिबगिंग आणि टेस्टिंग यांवर त्यात स्वतंत्र प्रकरणं आहेत, म्हणून ते दोन्ही फळ्यांवर बसतं. एकच पुस्तक विकत घ्यायची ऐपत असेल तर हे घ्या.

स्टीव्ह मॅकॉनेलचं ‘कोड कम्प्लीट’ नऊशेहून अधिक पानांचं. सलग वाचायला जाऊ नये, संदर्भासाठी जवळ असावं. हंट आणि टॉमस यांचं ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ 1999 ला आलं, वीस वर्षांनी नव्यानं लिहिलं गेलं. नवी आवृत्तीच घ्यावी. मार्टिन फाउलरचं ‘रिफॅक्टरिंग’ आणि केंट बेकचं ‘टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट’ ही जोडी टेस्टरनंसुद्धा चाळावी, कारण डेव्हलपर स्वतः टेस्ट लिहितो तेव्हा काय तपासतो आणि काय सोडतो हे तिथं दिसतं. रॉबर्ट मार्टिनचं ‘क्लीन कोड’ सगळीकडं सुचवलं जातं. त्यातलं नावं कशी द्यावीत हे प्रकरण चांगलं आहे, पण फंक्शनचे इतके बारीक तुकडे करायचा आग्रह मला पटत नाही. त्याच्या जोडीला जॉन औस्टरहाउटचं ‘अ फिलॉसॉफी ऑफ सॉफ्टवेअर डिझाइन’ वाचलं तर दोन्ही बाजू समोर येतात आणि आपलं मत आपण बनवतो.

पुण्यातल्या नोकऱ्यांचं स्वरूप पाहता मायकेल फेदर्सचं ‘वर्किंग इफेक्टिव्हली विथ लेगसी कोड’ मी वरच्या क्रमांकावर ठेवीन. नवा कोरा प्रकल्प फार थोड्यांच्या वाट्याला येतो. बाकीच्यांना कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं, लिहिणारा निघून गेलेला, असं काम मिळतं. ज्या कोडला टेस्ट नाहीत तो जुना कोड, मग तो काल का लिहिलेला असेना, ही फेदर्सची व्याख्या. अशा कोडला हात लावण्याआधी सुरक्षेची तजवीज कशी करायची हे तो उदाहरणांनी दाखवतो.

फ्रेड ब्रुक्सचं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ 1975 चं. उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातलं वेळेचं गणित मात्र कमी सांगितलं जातं : एक तृतीयांश वेळ आखणीला, एक षष्ठांश कोड लिहायला आणि उरलेला सगळा, म्हणजे अर्धा, तपासणीला. इतक्या वर्षांनीही शेवटच्या आठवड्यात टेस्टरच्या हाती बिल्ड देऊन रात्रभर बसवणारे मॅनेजर आहेत. त्यांच्या टेबलावर हे पान कुणीतरी ठेवायला हवं.

पुस्तकांपेक्षा एक लेख माणूस अधिक बदलतो, असंही असतं. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांचा थेरॅक-25 या किरणोपचार यंत्रावरचा 1993 चा लेख तसा आहे. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात त्या यंत्रानं सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा दिला आणि त्यातले काही दगावले. आधीच्या यंत्रात चूक झाली तरी अडवणारी यांत्रिक कडी होती. नव्यात ती काढून भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला. टेक्सासमधल्या टायलरच्या रुग्णालयात ऑपरेटरनं एक्स-रे ऐवजी इलेक्ट्रॉन असा बदल भराभर टाइप केला, यंत्राचे चुंबक जागेवर यायला लागणाऱ्या आठ सेकंदांच्या आत, आणि पडद्यावर ‘मालफंक्शन 54’ एवढंच उमटलं. निर्मात्यांना दोष सापडेना. शेवटी त्या रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ आणि ती ऑपरेटर यांनी पुन्हा पुन्हा बसून, टाइप करायचा वेग वाढवत वाढवत, तो बग हुकमी उभा केला. हा लेख फुकट वाचायला मिळतो. बग पुन्हा उभा करून दाखवणं याचा अर्थ त्यात जितका कळतो तितका कुठल्याही परिभाषेत कळत नाही. ब्रिटनच्या टपाल खात्यातलं होरायझन प्रकरणही याच पंक्तीतलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकांमुळं शेकडो पोस्टमास्तरांवर चोरीचे खटले झाले. निक वॉलिसचं त्यावरचं पुस्तक 2021 ला आलं. तपासणी हा कारकुनी टप्पा मानणाऱ्यानं ते वाचावं.

आता मराठीकडं. इथं फळी जवळजवळ रिकामी आहे. सोलापूरचे अच्युत गोडबोले यांनी ‘संगणकयुग’ लिहून सर्वसामान्य वाचकाला संगणकाची ओळख करून दिली. ‘मुसाफिर’मध्ये त्यांचा सॉफ्टवेअर क्षेत्रातला प्रवास आहे, तो आपल्या भागातल्या मुलांना धीर देतो. अतुल कहाते यांनी इंग्रजी पाठ्यपुस्तकांबरोबर मराठीतही लिहिलं. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीच्या मराठी पुस्तकानं गावोगाव पहिला माउस हातात दिला. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात सी, पायथन, लिनक्स यांचे धडे मराठी आवाजात आहेत आणि कमी डेटात चालतात. ढोकीत बसून सुरुवात करायची तर यापेक्षा चांगली जागा नाही. पुण्यात 2021 पासून एका महाविद्यालयात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून सुरू झालं, एआयसीटीईनं पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत आणली. पण टेस्टिंगवर, व्यवसायातल्या माणसानं, आपल्या उदाहरणांनी लिहिलेलं मराठी पुस्तक मला हाती धरून दाखवता येत नाही.

हे दुःख भाषाप्रेमापोटी नाही. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीपुरते असे खास बग आहेत, जे इंग्रजी पुस्तकात येणारच नाहीत. ‘क्षितिज’ हे नाव घ्या. डोळ्याला तीन अक्षरं. युनिकोडमध्ये क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असे सात संकेत आणि यूटीएफ-8 मध्ये 21 बाइट. नावाच्या रकान्याला लांबीची मर्यादा घालणाऱ्यानं यातलं नेमकं काय मोजलं? ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ या आडनावांतला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो : वेगळ्या ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढं न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन्ही वेगळे. एका कारकुनानं एका पद्धतीनं नोंदवलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, तर सभासद यादीत माणूस सापडत नाही. इंग्रजी एसएमएस 160 अक्षरांचा, मराठीचा 70 संकेतांचा, म्हणून काट्यावरच्या वजनाचा निरोप मध्येच तुटून दुसऱ्या संदेशात जातो. आणि आपला जिल्हा : 2023 पासून धाराशिव. जुन्या नोंदीत उस्मानाबाद, नव्यात धाराशिव, कुठं दोन्ही. अर्ज भरताना जिल्ह्याच्या यादीत कोणतं नाव निवडायचं आणि जुना दाखला नव्या नावाशी जुळला नाही तर काय, हा आपल्या लोकांना रोज सोसावा लागणारा तपासणीचा विषय आहे.

पैशाची अडचण खरी आहे, तिला वाटा आहेत. बऱ्याच पुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या निघतात, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात, गूगलचं ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग अ‍ॅट गूगल’ आणि साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंगवरचं (एसआरई) पुस्तक संकेतस्थळावर फुकट आहे. खोलीतल्या चौघांनी मिळून वर्षाला दोन पुस्तकं घेतली, दोघं टेस्टर आणि दोघं डेव्हलपर असतील तर उत्तमच, आणि आठवड्याला एक प्रकरण मराठीत एकमेकांना समजावून सांगितलं, तर क्लासच्या फीपेक्षा जास्त पदरात पडतं. इंग्रजीची धास्तीही अशा वाचनानंच जाते. चॅटबॉटला कठीण परिच्छेद मराठीत सांगायला लावा, हरकत नाही. टेस्ट केसेस मात्र आधी स्वतः लिहा आणि मग त्याच्याशी ताडा, मायर्सनं वाचकाला करायला लावलं तसं.

धाराशिव, लातूर, बीडकडून पुण्याला जाऊन दहा-पंधरा वर्षं या कामात मुरलेल्यांना माझी विनंती आहे. तुमच्या बग रिपोर्टमध्ये, प्रकल्पांच्या आठवणींत मराठी टेस्टिंगच्या पुस्तकाचा मजकूर पडून आहे. कंपनीची गुपितं वगळा, गिऱ्हाइकाचं नाव वगळा, पण चूक कशी झाली आणि कशी सापडली ते मराठीत लिहा. पन्नास पानांचं झालं तरी छापा आणि एक प्रत आपल्या गावच्या ग्रंथालयात ठेवा.